हिवाळ्यातील रविवारची सायकलफेरी आणि हवेचा आकडा

दोनचाकी (वारजे)

नमस्कार. पुण्यातल्या वारजे-कर्वेनगर भागातील आम्ही काही मंडळी दर रविवारी पहाटे एकत्र सायकल चालवतो. हा स्पर्धकांचा गट नाही. महाविद्यालयीन मुले, आयटीतली चाळिशीची मंडळी आणि सत्तरीला टेकलेले दोन निवृत्त काका अशी आमची सरमिसळ असून वेग नेहमी सर्वांत मागच्या माणसाचा धरला जातो, आणि खडकवासल्याच्या चौपाटीवर चहा व भजी झाल्याखेरीज कोणी माघारी वळत नाही.

थंडी पडू लागल्यापासून मात्र शनिवारी रात्री ग्रुपवर एकच वाद रंगतो. एक जण हवेच्या गुणवत्तेचा लाल रंगातील १५३ हा आकडा टाकतो, दुसरा लगेच दुसऱ्या ॲपवरील हिरवट रंगातील १०० दाखवतो, तिसरा ठामपणे सांगतो की पहाटेची हवा शुद्धच असते, आणि शेवटी निम्मी मंडळी येतात व निम्मी अंथरुणात राहतात. काकांपैकी एकांना दमा आहे. ते कोणाला काही म्हणत नाहीत, पण मागच्या महिन्यापासून चढावर सारखे खोकतात.

कोणता आकडा ग्राह्य धरावा, किती आकड्याला बेत बदलावा, आणि मास्क लावून सायकल चालवण्याचा खरोखर उपयोग होतो का, यावर जाणकारांनी लिहावे.

वेधशाळेचा शेजारी

आपल्या ग्रुपवरील दोन्ही आकडे बरोबर असण्याची शक्यता आहे. भारतीय निर्देशांक आणि अमेरिकी निर्देशांक यांच्या मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. दर घनमीटर हवेत पीएम २.५ हे सूक्ष्म कण ६० मायक्रोग्रॅम असतील, तर भारतीय पट्टीवर त्याचा निर्देशांक १०० येतो आणि हवा ‘समाधानकारक’ ठरते. तीच हवा अमेरिकी पट्टीवर १५० ओलांडते आणि लाल रंगात जाते. अनेक खासगी ॲप अमेरिकी पट्टी वापरतात, तर ‘समीर’ हे सरकारी ॲप अर्थातच भारतीय. त्यामुळे ग्रुपवर निर्देशांक टाकण्याऐवजी पीएम २.५ ची घनता टाकण्याचा नियम केलात, तर निम्मा वाद तिथेच मिटेल. संदर्भासाठी सांगतो, २४ तासांच्या सरासरीची भारतीय मर्यादा ६० आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सुचवलेली मर्यादा १५.

दुसरी गोष्ट वेळेची. सरकारी निर्देशांक सूक्ष्म कणांसाठी मागील २४ तासांची सरासरी धरतो. रविवारी पहाटे साडेपाचला दिसणाऱ्या आकड्यात शनिवार संध्याकाळची सगळी वाहतूक मिसळलेली असते, आणि आपण ज्या दोन तासांत श्वास घेणार आहात, त्यांविषयी तो फारसे सांगत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर हवा मोजणाऱ्या प्रत्येक केंद्राची तासागणिक घनता पाहता येते, ती पाहावी.

पहाटेची हवा शुद्ध असते हा समज पावसाळ्यात चालून जातो. हिवाळ्यात रात्री आकाश निरभ्र असते, जमीन झपाट्याने निवते, तिच्यालगतची हवा थंड व जड होते आणि तिच्यावर तुलनेने उबदार हवेचा थर बसतो. खालची हवा वर जाऊ शकत नाही, वाराही पडलेला असतो, आणि पुणे टेकड्यांनी वेढलेल्या खोलगट भागात असल्यामुळे रात्रभराचा धूर व धूळ नदीकाठच्या सखल भागात साचून राहते. ऊन पडून जमीन तापली की हा थर मोडतो. तोपर्यंत वेताळ टेकडीवरून शहराकडे पाहिले तर राखाडी पट्टा स्पष्ट दिसतो, आणि त्याची वरची कड पट्टीने आखल्यासारखी सरळ असते.

एक सावधगिरी: घरी बसवलेली स्वस्त संवेदक यंत्रे प्रकाशाच्या विखुरण्यावरून कण मोजतात. दाट धुके असेल तर ओलाव्याने फुगलेले कणही ती मोजतात आणि आकडा भलताच वर जातो. धरणाजवळच्या कोणाच्या गच्चीवरील यंत्राने धुक्यात ३०० दाखवले, तर लगेच घाबरू नये.

लकडी पूल १९७८

मंडळींनो, हे पुणे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जात होते आणि कारखान्याची पाळी गाठणारा माणूस आकडा पाहून घराबाहेर पडत नसे. पुणे म्हणजे दिल्ली नव्हे. केंब्रिजच्या संशोधकांचा २०१६ सालचा अभ्यास सांगतो की जगातील बहुतेक शहरांत सायकल चालवण्याचा फायदा प्रदूषणाच्या तोट्याहून अधिक आहे. घरी बसून पोहे खाणाऱ्यांनी तो जरूर वाचावा.

श्वासमार्ग

मी छातीविकारांची डॉक्टर आहे आणि स्वतः सायकल चालवते. लकडी पूल यांनी उल्लेखलेला अभ्यास मलाही आवडतो, परंतु तो आपल्या प्रश्नाचे उत्तर देत नाही. त्यात वर्षानुवर्षे नियमित सायकल चालवणाऱ्यांच्या मृत्यूच्या धोक्याचा हिशेब मांडला आहे; एखाद्या रविवारी दम्याच्या रुग्णाला काय होईल, हा त्याचा विषयच नाही. त्याच अभ्यासात असेही आहे की पीएम २.५ ची सरासरी १०० मायक्रोग्रॅम असलेल्या ठिकाणी रोज दीड तासापलीकडे सायकल चालवल्यास तोटा फायद्यावर मात करू लागतो. म्हणजे मर्यादा आहे, फक्त ती सामान्य माणसाला वाटते त्याहून बरीच वर आहे. निरोगी माणसाने मध्यम प्रतीच्या हवेला घाबरून व्यायाम सोडू नये, हे त्यांचे म्हणणे मात्र मला मान्य आहे. गाडीत काचा लावून बसलेला माणूसही वाहतुकीत तीच हवा घेत असतो.

विश्रांतीत आपण मिनिटाला साधारण सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. चढावर जोर लावून सायकल चालवताना हे प्रमाण कित्येक पटींनी वाढते आणि श्वास तोंडावाटे सुरू होतो, त्यामुळे नाकात होणारी गाळणी टळते. म्हणून हवेचा आकडा वाढला की मी आधी वेग कमी करायला सांगते. शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल आणि तोंड मिटून श्वास घेता येईल, असा वेग ठेवल्यास त्याच हवेतून आत जाणाऱ्या कणांची मात्रा बरीच घटते.

दम्याच्या काकांविषयी मला थोडी काळजी वाटते. चढावरचा वाढता खोकला म्हणजे दमा नीट नियंत्रणात नसल्याची खूण असू शकते. पुढच्या फेरीपूर्वी त्यांनी आपल्या डॉक्टरांना भेटावे. पहाटेची थंड, कोरडी हवा स्वच्छ असली तरीही श्वासनलिका आकसवते, त्यामुळे प्रदूषण आणि थंडी यांचा मारा एकाच वेळी होतो. त्यांनी उशिरा निघावे, पहिली दहा-पंधरा मिनिटे अगदी सावकाश चालवावे आणि दम्याचा पंप (इनहेलर) खिशात ठेवावा. खिशात म्हणजे जर्सीच्या मागच्या खिशात, मित्राच्या पिशवीत नव्हे. फेरीपूर्वी पंप घ्यायचा की नाही, हे त्यांच्या डॉक्टरांनी ठरवावे, ग्रुपने नाही. आणि ज्येष्ठांपैकी कोणाला छातीत दाटल्यासारखे वाटले, तर ते हवेमुळे असेल असे गृहीत न धरता तिथेच थांबून हृदयाची शंका आधी घ्यावी.

मास्कचे थोडक्यात सांगते. कापडी मास्क आणि रुमाल यांचा सूक्ष्म कणांवर जवळजवळ उपयोग नाही. चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ कण अडवतो, वायू अडवत नाही, आणि दाढी असेल तर कडेने हवा गळते. घामाने भिजला की त्यातून श्वास घेणे जड होते. शहरातील सपाट रस्त्यावर सावकाश जाताना तो लावावा आणि चढाला लागताना काढावा, हा व्यवहार मला पटतो. मास्क लावून घाटात जोर लावणे मला अजिबात पटत नाही.

घाटवाट

डॉक्टरताईंच्या मुद्द्याला रस्त्याची बाजू जोडतो. आकडा एकच असला तरी दोन रस्त्यांवरच्या हवेत मोठा फरक असतो, आणि वारज्याच्या मंडळींना निवड करायला बराच वाव आहे. सिंहगड रस्त्याने न जाता शिवणे, उत्तमनगर, कोंढवे-धावडे या बाजूने एनडीएच्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या) पुढे कुडजे-बहुलीच्या रस्त्याला लागावे. उत्तमनगरपर्यंतचा भाग काही खास नाही. पहाटे तिथे बंद दुकानांपुढे शेकोट्या पेटलेल्या असतात, आणि त्यांत लाकडाबरोबर दुधाच्या पिशव्या, पुठ्ठे, जुने टायर असे हाताला लागेल ते पडते. झाडलोटीचा पालापाचोळा पदपथाच्या कडेला दुपारपर्यंत धुमसत राहतो. अशा शेकोटीजवळून जाताना गटाने गप्पा थांबवून रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने निघून जावे. एवढा टापू ओलांडला की पुढे झाडी, पाणी आणि तुरळक वाहने.

सिंहगडाचा घाट हवा वाईट असताना टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. रविवारी सातनंतर डोणज्याकडून पर्यटकांच्या मोटारी आणि दुचाकी पहिल्या गिअरमध्ये चढू लागतात. सायकलस्वाराचा श्वास जिथे सर्वांत जोरात चाललेला असतो, नेमका तिथेच धूर सर्वांत जास्त आणि नाकाच्या उंचीवर. कात्रजच्या जुन्या बोगद्याचेही तसेच आहे: चढ संपवून धापा टाकत आपण बोगद्यात शिरतो आणि आतला साठलेला धूर भरभरून घेतो. बोगद्याआधी दोन मिनिटे थांबून श्वास जागेवर आणावा आणि मगच आत जावे.

बांधकामाच्या रस्त्यांवर धूर कमी आणि धूळ जास्त असते. सिमेंट काँक्रीट वाहून नेणाऱ्या मिक्सरमधून सांडलेला गाळ वळणावर वाळतो, त्यावरून डंपर गेला की पांढरी भुकटी उठते. तिथे एकामागोमाग चिकटून चालवू नये, कारण मागच्याला पुढच्याच्या चाकाची धूळ मिळते. एरवी गटाने जवळ राहायला माझी हरकत नाही.

लकडी पूल १९७८

बोगद्याचा मुद्दा मान्य. पूर्वी त्यातून इतकी वाहने जात नसत.

दोनचाकी (वारजे)

सर्वांचे मनापासून आभार. काल काकांना हे सगळे वाचून दाखवले. ते या आठवड्यात डॉक्टरांकडे जाणार आहेत.

ग्रुपवर चर्चा करून आम्ही असे ठरवले आहे. शनिवारी रात्री नऊला फक्त एक माणूस जवळच्या केंद्रांवरील पीएम २.५ ची तासागणिक घनता टाकेल आणि रविवारी निघण्यापूर्वी पुन्हा एकदा पाहील. ६० च्या आत असेल तर नेहमीचा बेत. ६० ते ९० मध्ये असेल तर साडेसातला निघून बहुलीच्या रस्त्याने सपाटीवर जायचे, घाट नाही. ९० च्या वर गेल्यास सक्ती कोणालाच नाही, आणि १२० च्या वर गटाची फेरी रद्द. ही वैद्यकीय मर्यादा नाही, भांडण टाळण्यासाठी आखलेली रेघ आहे, याची सर्वांना कल्पना दिली आहे.

एकच शंका उरते. १ जानेवारीचा सूर्योदय सिंहगडावरून पाहण्याची मुलांची फार इच्छा आहे. आदल्या रात्रीचे फटाके लक्षात घेता जावे का?

वेधशाळेचा शेजारी

मध्यरात्री उडालेल्या फटाक्यांचा धूर त्याच थंड थरात अडकतो आणि सकाळी उशिरापर्यंत शहरात रेंगाळतो. सूर्योदयच पाहायचा असेल तर पहाटे शहरातून सायकल चालवत जाऊ नये. सायकली आदल्या दिवशी डोणज्यात ओळखीच्या घरी ठेवाव्यात आणि तिथून चढावे. घाटात उंची वाढते तशी हवा बहुधा निवळते. शिवाय ३१ डिसेंबरच्या रात्री जागलेले वाहनचालक पहाटे रस्त्यावर असतात, त्यांची भीती मला धुरापेक्षा जास्त वाटते.

घाटवाट

डोणज्याच्या सूचनेशी सहमत आहे. मात्र वर जाण्याची परवानगी आणि वेळ याबाबत वन विभागाच्या नाक्यावर आदल्या दिवशीच चौकशी करून ठेवा, आणि सायकलींना मागचे लाल दिवे विसरू नका.