मदत हवी: सुडोमोनास वापरूनही टोमॅटोत बोकड्या आला

एक एकर टोमॅटो, मल्चिंग-ठिबक, लागवड २५ दिवसांची. लावताना रोपांची मुळं सुडोमोनास फ्लुरोसन्स या उपयोगी जिवाणूची पावडर (१० ग्रॅम/लिटर) आणि कॉपर ऑक्सिक्लोराइड हे तांब्याचं बुरशीनाशक एकत्र कालवून बुडवली होती. आता शंभरात १०-१२ झाडांचे शेंडे आखडलेत, पानं बारीक, कडा पिवळ्या. पांढरी माशी आहे. सुडोमोनासची डबल डोसने आळवणी करू का (म्हणजे पाण्यात कालवून मुळाशी ओतू का)?

उत्तर १: एकाच बादलीत कॉपर आणि सुडोमोनास? म्हणजे पावडर गेली वाया. तांबं जिवाणूंनाही मारतं, स्ट्रेप्टोसायक्लिन या प्रतिजैविकाचंही तेच. मध्ये आठ-दहा दिवस तरी जाऊ द्या.

डबल डोस नको. बोकड्या हा पांढरी माशी पसरवते तो विषाणूचा रोग, आणि हे जिवाणू विषाणूला मारत नाहीत. मुळांवर वस्ती करून झाडाची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी करतात, आणि त्याला काही दिवस लागतात. माशी चावायच्या आधी ते मुळावर हवेत. आखडलेलं झाड आता सुधारायचं नाही, उपटा. पण आधी माशीची फवारणी, मग उपटणी. नाहीतर झाड हलवलं की माशी उडून शेजारच्या झाडावर बसते.

फक्त खालची जाड पानं वर वळली असतील तर ती उपटू नका हं, ते ऊन-पाण्याच्या ताणानेही होतं.

प्रश्नकर्ता: शेंडेच आहेत दादा. पुढच्या प्लॉटला कसं करू? बॅसिलस घेऊ का?

उत्तर २: उन्हाळी लागवडीला बॅसिलस सबटिलिस हा दुसरा उपयोगी जिवाणू बरा. तो बीजाणू (जाड कवचाचं सुप्त रूप) करतो, उष्णता सोसतो. सुडोमोनास करत नाही; मे महिन्यात दुकानात तापलेल्या पुड्यात जिवंत किती उरले देव जाणे. ताज्या तारखेचाच घ्या.

संकरित बी बहुतेक वेळा बुरशीनाशक लावूनच येतं, त्यामुळे बीजप्रक्रियेच्या भरवशावर राहू नका. ट्रेमध्ये १०-१२ दिवसांच्या रोपांना बॅसिलसची १० ग्रॅम/लिटर आळवणी. लावताना त्याच प्रमाणात मुळं २० मिनिटं बुडवा, साध्या पाण्यात; नळाचं क्लोरीनवालं नको. एकरी १ किलो पावडर २० किलो कुजलेल्या, ओलसर शेणखतात कालवून आठवडाभर सावलीत झाका, मग संध्याकाळी बेडमध्ये द्या.

आणि माशी अडवायला रोपवाटिकेला ५० मेशची (बारीक छिद्रांची) जाळी, शेताभोवती मक्याच्या दोन ओळी आधीच पेरलेल्या. रोपच विषाणू घेऊन आलं तर जिवाणू काय करणार?

उत्तर १: ठिबकने सोडणार असाल तर ॲसिड ट्रीटमेंट (नळ्यांतले क्षार काढायला ॲसिड सोडणं) आधी उरका, लॅटरल म्हणजे ठिबकच्या नळ्या साध्या पाण्याने धुवा, मगच सोडा. पावडर गाळून घ्या, पावडरीतल्या टाल्कच्या भुकटीने ड्रीपर तुंबतात.