डब्यात रोज चीज: कॅल्शियम मोजायचं की मीठ?

दूधभाकर (धागाकर्ता):
चीज म्हणजे नुसती चरबी, हा समज मला अजिबात मान्य नाही. 100 ग्रॅम चेडारमध्ये (मुरवलेलं कडक चीज) साधारण 25 ग्रॅम प्रथिनं आणि 700 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. म्हणजे 20 ग्रॅमच्या तुकड्यातून 5 ग्रॅम प्रथिनं, 140 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि थोडं बी-12, जे शाकाहारी ताटात मुळातच कमी पडतं. दूध न पचणाऱ्यांनाही मुरवलेलं चीज बहुधा चालतं, कारण दुधातली बरीच साखर निवळीबरोबर निघून जाते आणि उरलेली जिवाणू संपवतात. मुलांना रोज एक तुकडा द्यायला हरकत काय?

मीठमोजणी:
हरकत आहे, कारण डब्यात चेडार जात नाही, प्रोसेस्ड स्लाइस जाते. गरम केल्यावर तेल सुटू नये म्हणून तिच्यात सोडियम सायट्रेट किंवा फॉस्फेट घालतात. मीठ वेगळंच. पाकिटं वाचा, 100 ग्रॅमला 1000 मिलिग्रॅमच्या वर सोडियम सर्रास दिसेल. दोन स्लाइस 40 ग्रॅमच्या धरल्या तर 400, पावाच्या दोन कापांचे अंदाजे 250, वर खारं बटर आणि चटणी. जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्या माणसांसाठीची मर्यादा दिवसाला 2000 आहे, मुलांची त्याहून कमी. एका सँडविचमध्ये तिसरा हिस्सा संपला!

सायीची_वाटी:
हिशेब बरोबर, पण दोष सगळा चीजचा नाही. बटर काढा, स्लाइस एकच ठेवा, काकडी-टोमॅटोवर मीठ भुरभुरू नका, चटणी अळणी करा. सोडियम निम्म्यावर येतं. आणि चरबीचं म्हणाल, तर तेवढीच चरबी लोण्यातून दिल्यावर एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, जास्त वाढतं, चीजमधून कमी, हे चाचण्यांत दिसलंय. चीजमधलं कॅल्शियम काही स्निग्धाम्लांना बांधून शरीराबाहेर नेतं, हे त्याचं एक कारण मानतात.

शेंगदाणा:
तुलना लोण्याशी केली की चीज चांगलंच दिसणार. शेंगदाणा किंवा करडईच्या तेलाशी करा, मग एलडीएल चीजनेच वाढतं. 20 ग्रॅम चेडारमध्ये जवळपास 4 ग्रॅम संपृक्त चरबी आहे. 2000 कॅलरी खाणाऱ्याची दिवसाची मर्यादा सुमारे 22 ग्रॅम, त्यात तूप, साय, नारळही बसवायचंय. त्यापेक्षा पनीर द्या, मीठ जवळपास नाहीच.

दूधभाकर:
पनीर चांगलंच, पण चरबीच्या बाबतीत तेही पूर्ण दुधाचंच असतं. शिवाय लिंबू किंवा व्हिनेगर घालून गरम दूध फाडलं की आम्लामुळे काही कॅल्शियम विरघळून पाण्यात जातं. रेनेटने (दूध घट्ट करणारं विकर) दूध विरजवलेल्या कडक चीजमध्ये ते जास्त टिकतं. पनीर घरी केलंत तर ते पाणी ओतू नका, त्यात कणीक भिजवा.

मीठमोजणी:
हे पटलं. तरी चीज घेताना घटकांची यादी पाहा, जास्त वजनाचा घटक आधी छापलेला असतो. वनस्पती तेल दिसलं तर ते ॲनालॉग, दुधाच्या चरबीऐवजी तेल घातलेलं. गाडीवरच्या किसाला पाकीटच नसतं, म्हणून तिथे विचारावं. आणि नैराश्यावरची एमएओ-इन्हिबिटर गटातली औषधं घेणाऱ्यांनी जुनं मुरलेलं चीज टाळावंच. त्यातल्या टायरामिनमुळे रक्तदाब एकदम चढतो. मुलांना रोज स्लाइस द्यायला माझा विरोध कायम आहे. आठवड्यातून दोनदा चेडारचा तुकडा, त्याला माझी ना नाही.