प्रार्थना आणि पदर खोचणे
पंडिता रमाबाईंच्या प्रार्थनेवरील श्रद्धेबद्दल एका वाचकाने विचारले आहे की, प्रार्थनेने उपाशी माणसाचे पोट कसे भरणार. प्रश्न रास्त आहे. मात्र रमाबाईंना उपासमार पुस्तकातून कळलेली नव्हती. 1874 च्या सुमारास, दुष्काळातल्या भटकंतीत, आईवडील आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. पुढे भाऊ गेला, आणि 1882 मध्ये, लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती तोच, तान्ही मनोरमा पदरात ठेवून पतीही गेले. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा येथे टीका झालीच (ती अजून पुरती थांबलेली नाही).

1896-97 च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो निराधार मुली व विधवा घेऊन आल्या. त्यांनी निराधार स्त्रियांसाठी उभारलेल्या केडगावच्या मुक्ती सदनात प्रार्थना नित्याची होती, पण तिच्या जोडीला शेत, विहीर, हातमाग आणि छापखानाही होता. ज्या बायकांना पूर्वी अक्षरओळखही नव्हती, त्या तेथे छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे एकेक वेचून ओळी जुळवीत. हिब्रू आणि ग्रीकवरून रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर अशाच हातांनी छापले गेले. त्या कामाच्या अखेरच्या टप्प्यात त्यांना जवळजवळ ऐकू येत नव्हते आणि 1921 मध्ये मनोरमाही वारली. त्यांनी काम सोडले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या; संपूर्ण ग्रंथ 1924 मध्ये बाहेर पडला.