इंदूर: गच्चीवर आयपीएल दाखवायचंय, प्रोजेक्टर कोणता घ्यावा? (बजेट ३५,०००)

लोकमान्यनगर_गच्ची
नमस्कार मंडळी. आमच्या इमारतीत २२ घरं. येत्या आयपीएलचे शनिवार-रविवारचे सामने आणि प्लेऑफ सगळ्यांनी गच्चीवर एकत्र बघायचं ठरलंय. साधारण ४० माणसं, त्यात लहान मुलं आणि आजी-आजोबा. प्रोजेक्टर, पडदा, आवाज, वायरिंग सगळं मिळून ३५,०००. वर्गणी जमली आहे, ती वाढणार नाही. जिन्याच्या खोलीची भिंत १२ फूट रुंद आणि ८ फूट उंच आहे. एचडी सेट-टॉप बॉक्स एका घरातून मिळेल. काय घ्यावं?

होळकरप्रेमी
लेझरच घ्या, ४के. दिवा बदलायची भानगड नाही, वीस हजार तास बघायला नको. आमच्या घरी तोच आहे, चेंडूची शिवणसुद्धा दिसते. लाखाच्या पुढे जाईल, पण एकदाच खर्च. २२ घरांत वाटला तर काहीच नाही.

सुदामा_४२
प्रोजेक्टरच्या नादी लागू नका. ६५ इंची टीव्ही घ्या, चाकांच्या स्टँडवर ठेवा. उजेड असला तरी दिसतो, दुपारी साडेतीनचा सामनाही चालतो. आम्ही तेच करतो.

वायरमन_राजेंद्रनगर
६५ इंची टीव्हीवर बारा-पंधरा फुटांच्या मागे बसलेल्याला धावफलकाची पट्टी वाचता येत नाही. ४० खुर्च्या म्हणजे किमान पाच रांगा, शेवटची रांग वीस फुटांवर. प्रोजेक्टरच हवा. फक्त दोन आकडे बघा.

पहिला उजेड, तो लुमेनमध्ये मोजतात. खोक्यावर नुसतं "९,००० लुमेन" असेल तर त्याला अर्थ नाही, "एएनएसआय लुमेन", म्हणजे ठरलेल्या पद्धतीनं मोजलेला उजेड, विचारा. १२० इंची चित्रासाठी अंधारात ३,००० एएनएसआय भरपूर झाले. १५० इंचीला क्षेत्रफळ दीडपटीहून जास्त होतं, तोच उजेड पसरून फिका पडतो.

दुसरा नेटिव्ह रिझोल्यूशन, म्हणजे प्रोजेक्टर स्वतः किती ठिपक्यांचं चित्र काढतो. "१०८० सपोर्ट" म्हणजे आत येणारा सिग्नल तो घेतो, एवढंच. पडद्यावर पडतं ते नेटिव्ह. ८०० × ६०० वर धावफलकाचे आकडे फुटतात. किमान १२८० × ८०० हवं.

पोहे_जिरावण
ऑनलाइन आठ-दहा हजारांत छोटे एलईडी मिळतात, आमच्याकडे आहे. खोलीत छान दिसतो.

वायरमन_राजेंद्रनगर
खोलीत, ६० इंचांवर. गच्चीवर ४० माणसांसाठी त्याचा उपयोग नाही.

डावखुरा
आरसीबीचे सामने शनिवार-रविवार नसले तरी दाखवा! रजत पाटीदार आपला इंदूरचा. ३ जून २०२५ ला अहमदाबादेत पंजाबला ६ धावांनी हरवून त्याच्या कप्तानीखाली आरसीबीनं पहिल्यांदा चषक घेतला. इंदुरात बसून तो बघायचा नाही तर कोणाला?

होळकरप्रेमी
त्याला इथे, होळकर स्टेडियमवर बघायचंय. २०११ मध्ये कोचीचे, २०१७ आणि २०१८ मध्ये पंजाबचे सामने झाले, त्यानंतर आयपीएल इथे आलंच नाही. ३० हजारांचं मैदान, प्रेक्षक कायम भरभरून, तरी यादीत नाव नाही. याचा मनापासून राग येतो.

डावखुरा
सीमारेषा छोटी आहे म्हणून कारण सांगतात.

होळकरप्रेमी
बंगळुरूची तरी कुठे मोठी आहे?

स्नेहलतागंज
धागा प्रोजेक्टरचा आहे, मंडळी. गच्चीची मुख्य अडचण संधिप्रकाशाची. मार्चअखेर सव्वासातपर्यंत अंधार होतो, तेव्हा साडेसातचा सामना सुरुवातीपासून स्वच्छ दिसेल. मेअखेर सूर्यच सातनंतर मावळतो. नाणेफेक आणि पॉवरप्लेची पहिली षटकं फिकी दिसणार, आणि प्लेऑफ नेमके त्याच दिवसांत. दुपारचे सामने उघड्यावर कुठल्याही प्रोजेक्टरनं दिसत नाहीत.

पडद्यासाठी फ्लेक्स नको, तो चकाकतो आणि मध्यभागी उजेडाचा गोळा दिसतो. भिंतीला पुट्टी, घासकाम आणि मॅट पांढरा रंग द्या. चारी बाजूंनी चार इंची काळी पट्टी रंगवली की चित्र उठून दिसतं.

पोहे_जिरावण
भिंत नको, पडदा घ्या. एम.टी. क्लॉथ मार्केटमध्ये ब्लॅकआउट (उजेड आरपार न जाऊ देणारं) कापड मिळतं.

स्नेहलतागंज
गच्चीवर वारा सुटला की कापड शिडासारखं फुगतं आणि बांबू ओढतं. मे महिन्यात संध्याकाळी वावटळ येतेच. कापडच लावायचं तर दर दीड फुटाला आयलेट (धातूची कडी बसवलेलं भोक) पाडा आणि दोरीऐवजी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधा. ताण राहतो आणि झटका ट्यूब घेते.

तारांकित
कोणी आवाजाबद्दल बोललंच नाही. ब्लूटूथ स्पीकर नको, आवाज मागे पडतो. फलंदाज फटका मारून मोकळा होतो, मग बॅटचा आवाज येतो. सेट-टॉप बॉक्सच्या ऑडिओ आउटमधून थेट वायर घ्या.

आणि रात्री दहाचं काय? ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. दुसरा डाव सुरूच साडेनऊच्या सुमारास होतो, म्हणजे पाठलागाचा बहुतेक भाग दहानंतरचा. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. त्यामुळे एकच मोठा स्पीकर लावू नका. दोन-तीन छोटे स्पीकर प्रेक्षकांच्या अगदी जवळ, खाली तोंड करून ठेवा आणि दहाला अगदी हळू करा.

सुदामा_४२
म्हणून म्हणतो टीव्ही घ्या. आवाज आतच असतो.

डावखुरा
अॅपवर मराठी समालोचन असतं, बॉक्स कशाला? आजी-आजोबांना तेच आवडेल.

वायरमन_राजेंद्रनगर
अॅप डिशच्या मागे असतं, सहसा वीस-तीस सेकंद. शेजारच्या इमारतीत आरडाओरडा झाला की तुमच्या पडद्यावर गोलंदाज अजून रनअपच्या टोकालाच. शेवटच्या षटकात सगळी मजा जाते. चित्र डिशचं आणि आवाज अॅपचा ही युक्तीही चालत नाही, दोन्ही जुळणार नाहीत. शिवाय मिररिंग केलं, म्हणजे फोनचा पडदा जसाच्या तसा प्रोजेक्टरवर दाखवला, तर बरीच अॅप्स काळा पडदा दाखवतात, त्यासाठी स्ट्रीमिंग स्टिक लागते.

बॉक्स प्रोजेक्टरशेजारी ठेवा. लांब न्यायची ती डिशची आरजी-६ केबल, मध्ये जोड न देता. एचडीएमआय १० मीटरच्या आत ठेवा, त्यापुढे साधी केबल भरवशाची नाही.

प्रोजेक्टर मधोमध आणि समतल ठेवा. तिरका ठेवून कीस्टोननं, म्हणजे प्रोजेक्टरमधल्या तिरपेपणा काढायच्या सोयीनं, चित्र सरळ केलं की अक्षरं मऊ होतात. थ्रो रेशो (अंतर भागिले चित्राची रुंदी) १.५ असेल तर १२० इंची चित्राला लेन्स भिंतीपासून १३ फुटांवर येईल.

तारांकित
यूपीएस विसरू नका. १,००० व्हीए पुरे. वीज गेल्यावर त्यावर सामना बघायचा नाही, पंखा चालू ठेवून दिवा थंड करायचा. गरम दिवा एकदम बंद झाला की त्याचं आयुष्य घटतं. घरचा इन्व्हर्टर जोडणार असाल तर साइन वेव्ह (मेनच्या विजेसारखी सलग लहर देणारा) हवा, नाहीतर स्पीकर गुणगुणतो.

होळकरप्रेमी
लेझरला हे काहीच लागत नाही.

पोहे_जिरावण
सेकंडहँड मात्र चुकूनही घेऊ नका.

स्नेहलतागंज
सहमत. भाड्यानं घेतला तरी तोच धोका. ऑफिसवाले जुने ८०० × ६०० फिरत असतात, रिझोल्यूशन आधी विचारा.

लोकमान्यनगर_गच्ची
सगळ्यांचे आभार. ठरलं असं: गच्ची रद्द, खालच्या पार्किंगमध्ये करायचं. छत आहे, वारा नाही, सातलाच पुरेसा अंधार होतो. छत ९ फुटांवर आहे, १२० इंची चित्राची उंची जवळजवळ ५ फूट, म्हणजे वर अर्धा फूट सोडला की खालची कड साडेतीन फुटांवर येते. पुढच्यांची डोकी मध्ये येऊ नयेत म्हणून पहिल्या दोन रांगांना सतरंजी. प्रोजेक्टर सेकंडहँडच घेतोय: चित्र घडवणाऱ्या तीन एलसीडी पॅनलचा, १२८० × ८००, ३,३०० लुमेन. तुम्हा सगळ्यांचा विरोध कळला, पण नवीन तसाच घेतला तर आवाज आणि वायरिंगला काही उरत नाही. नव्या दिव्याचे पैसे बाजूला काढूनच भाव ठरवणार. दुपारचे सामने ज्याच्या त्याच्या घरी.

वायरमन_राजेंद्रनगर
घेणारच असाल तर दुकानात पाच मिनिटं बघून ठरवू नका, अर्धा तास चालवा. मेनूत दिव्याचे तास बघा, पण दिवा बदलला की तो आकडा शून्य करता येतो, त्यामुळे त्यावर पूर्ण विसंबू नका. पूर्ण पांढरी स्लाइड लावा: पिवळट किंवा निळसर डाग दिसला तर पॅनल थकलंय, घेऊ नका. मग पूर्ण काळी: धूसर ठिपके म्हणजे आत धूळ, ती साफ होते, भाव पाडून मागा. शेवटी हिरवी लावा, मैदानाचाच रंग, एका बाजूला फिका पडतो का ते बघा. अर्ध्या तासानंतर पंख्याचा आवाज वाढून घरघर आली तर नको.

तारांकित
पार्किंगमध्ये आवाज घुमेल. मागच्या भिंतीवर दोन जाड सतरंज्या टांगा. गाड्यांची धूळ प्रोजेक्टरच्या जाळीत जाते, दर आठवड्याला जाळी काढून ब्रशनं झटका. आणि गाड्या सहाच्या आधी हलवा.

लोकमान्यनगर_गच्ची
२२ घरं, १४ गाड्या. त्या कुठे लावायच्या यावर आज रात्री बैठक आहे.

सुदामा_४२
टीव्हीला गाड्या हलवाव्या लागत नाहीत.