टक्सपेंट अहिराणीत आणायचंय: लोकेल, प्रत्यय आणि 'शे/से'बद्दल मदत हवी

बागलाणकर

नमस्कार मंडळी,

टक्सपेंट हा लहान मुलांचा चित्रकलेचा मुक्त प्रोग्रॅम अहिराणीत करायला घेतला आहे. मराठी त्यात आहे, कोकणीही आहे, म्हणून वाट बरीच मळलेली असेल असं वाटलं. मराठीची पीओ फाइल (मूळ वाक्यं आणि त्यांची भाषांतरं असलेली) घेतली, 'एएचआर' या अहिराणीच्या कोडच्या नावाने नक्कल केली आणि पोएडिट या भाषांतराच्या प्रोग्रॅममध्ये मुख्य बटणं व सूचना बदलल्या. आता अडलंय ते असं:

तिच्यावरून प्रोग्रॅम वाचतो ती एमओ फाइल बनवून लोकेलच्या (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगच्या) फोल्डरमध्ये ठेवली, सिस्टिमची भाषा ठरवणारं लँग हे चल 'एएचआर_आयएन' केलं, तरी सगळं इंग्रजीतच दिसतं. अहिराणीऐवजी निदान मराठी तरी दिसायला हवं होतं, तेही नाही.

दुसरं, अनेकवचनाचा नियम अहिराणीसाठी कुठे नोंदवलेला सापडत नाही. तिसरं, 'आहे'साठी धुळ्याकडचे 'शे' लिहा म्हणतात, काही जण 'से'. कोणतं घ्यावं? आणि प्रोग्रॅम वाक्यात ऐनवेळी नाव भरतो तिथे प्रत्यय कसे लावायचे?

---

गिरणाकाठ

कोड बरोबर आहे. भाषांच्या कोडच्या आयएसओ 639-3 या यादीत अहिराणीला 'एएचआर' हाच कोड आहे. 'केएचएन' हा खानदेशीचा वेगळा कोड आहे, दोन्ही एकत्र करू नका.

इंग्रजी दिसण्याचं कारण भाषांतरात नाही, लोकेलमध्ये आहे. लिनक्सवर ग्लिब्सी या मूळ लायब्ररीसोबत 'एएचआर_आयएन' हे लोकेल येत नाही. नसलेलं लोकेल मागितलं की सिस्टिम गुपचूप 'सी' या मूळ इंग्रजी लोकेलवर जाते, आणि 'सी' असताना गेटटेक्स्ट (भाषांतर शोधून दाखवणारी प्रणाली) भाषांतर शोधतच नाही. तुमची एमओ फाइल उघडलीही गेलेली नाही.

झटपट उपाय: लँग 'एमआर_आयएन.यूटीएफ-8' ठेवा (हे लोकेल आधी तयार केलेलं हवं, 'लोकेल -ए' ही आज्ञा देऊन यादीत बघा) आणि लँग्वेज या दुसऱ्या चलात 'एएचआर:एमआर:एचआय' असा क्रम द्या. मग जे वाक्य अहिराणीत नाही ते मराठीत दिसेल, तेही नसेल तर हिंदीत. 'एलसी_ऑल' मध्ये काही भरलेलं असेल तर ते आधी रिकामं करा, कारण ते लँगच्या वर चढतं.

पक्का उपाय: 'लोकेलडेफ' या आज्ञेने मराठीच्या व्याख्येवरून नवं लोकेल बनवा. '-आय' पुढे 'एमआर_आयएन', '-एफ' पुढे 'यूटीएफ-8' आणि शेवटी 'एएचआर_आयएन.यूटीएफ-8' हे नाव. महिने-वार मराठीच राहतील, चित्रकलेला तेवढं पुरतं. टक्सपेंटच्या बाबतीत आणखी एक काम आहे: भाषांची यादी त्याच्या कोडमध्येच लिहिलेली असते. तिथे अहिराणी घातल्याशिवाय प्रोग्रॅमच्या स्वतःच्या भाषा-निवडीत ती मिळणार नाही. म्हणून पीओ फाइल पाठवताना ही भर सोबत मागा. सोर्सफोर्ज या संकेतस्थळावर भाषांतरासाठी त्यांची वेगळी टपालयादी आहे.

अनेकवचन: फाइलच्या शीर्षनोंदीत 'एनप्लुरल्स=2' आणि 'एन 1 नसेल तर अनेकवचन', म्हणजे मराठीचीच ओळ ठेवा.

---

प्रत्ययवाला

मराठी फाइलची नक्कल केलीत तिथे एक धोका आहे. मराठी वाक्यावरून अहिराणी केलं की मराठीतल्या तडजोडीही सोबत येतात. मूळ इंग्रजी वाक्य समोर ठेवा, मराठी फक्त आधाराला.

खरी कसरत पर्सेंट-एस ही खूण जिथे येते तिथे असते. तिथे प्रोग्रॅम ऐनवेळी नाव भरतो, त्यामुळे सामान्यरूप करायची संधीच नसते. मराठीत 'पर्सेंट-एस मध्ये' लिहिलं की 'पुणे मध्ये' असं ओबडधोबड दिसतं. त्यावर मराठीत तोडगा असा, की नावापुढे एक सामान्यनाम ठेवायचं आणि विभक्ती त्याला लावायची: 'पर्सेंट-एस या फोल्डरमध्ये'. अहिराणीचं इथे बरं आहे. बऱ्याच शब्दांना प्रत्यय सरळ लागतो: घरमा, गावमा, गावले. तरी अनोळखी फाइलनावाला '-मा' चिकटवू नका, वाचणाऱ्याला तो नावाचाच भाग वाटतो. सामान्यनामाची युक्ती इथेही वापरा.

क्रम बदलायचा असेल तर खुणा नुसत्या अदलाबदल करून चालत नाही. '5 पैकी 2' म्हणायचं तर इंग्रजीतला दुसरा आकडा आधी येतो. तिथे पर्सेंटनंतर 2 आणि डॉलरचं चिन्ह, मग मूळचंच अक्षर. पुढच्या खुणेत 1 आणि डॉलर. एका वाक्यात एका खुणेला क्रमांक दिला तर सगळ्यांना द्यावा लागतो.

लिंगाचं बघा. टक्सपेंट बाहेर पडताना विचारतो आणि उत्तराची बटणं मुलाच्या तोंडची आहेत. तिथे 'मी थांबलो' केलं तर मुली वगळल्या जातात. 'माझं झालं' या धाटणीचं वाक्य घ्या, दोघांनाही चालतं. शाबासकीच्या वाक्यांतही हेच. ही वाक्यं मुलाला चित्र काढताना वारंवार दिसतात, त्यांच्यावर जास्त वेळ द्या. पुस्तकी शब्द नकोत, आजी नातवाला जशी शाबासकी देईल तसं असू द्या.

---

बागलाणकर

लँग्वेजचा क्रम दिल्यावर अहिराणी दिसायला लागलं, धन्यवाद. पण पोएडिटमध्ये भरलेली काही वाक्यं अजून मराठीत येतात. आणि एका जुन्या संगणकावर 'चित्र' मधली वेलांटी 'च' च्या उजवीकडे जाऊन बसते.

---

गिरणाकाठ

ती वाक्यं 'फझी' असणार. मूळ इंग्रजी बदललं की जुनं भाषांतर अंदाजाने जोडलं जातं आणि त्यावर ही खूण बसते. एमओ बनवणारी 'एमएसजीएफएमटी' ही आज्ञा फझी वाक्यं वगळते, म्हणून पुढच्या भाषेतलं वाक्य दिसतं. प्रत्येक वाक्य वाचून, दुरुस्त करून मगच खूण काढा. सरसकट काढू नका, 'उघडा' च्या जागी 'पुसा' गेलेलं याच वाटेने होतं. एमओ बनवताना त्या आज्ञेला '--चेक' आणि '--स्टॅटिस्टिक्स' दोन्ही जोडा. चुकलेल्या खुणा, शेवटी राहिलेली नवी ओळ आणि कमी पडलेली अनेकवचनं तिथेच पकडली जातात.

वेलांटीचं कारण: ती टक्सपेंटची प्रत पँगोशिवाय बांधलेली आहे. अक्षरं जुळवायचं काम पँगो करतं. फाँट बदलून फरक पडणार नाही, पँगोसह बांधलेली प्रत बसवा.

---

मोसमकाठची

'शे' की 'से': दोन्ही बोलली जातात, पण एका फाइलमध्ये एकच हवं. सुरुवातीलाच एक पानाची शब्दयादी करा: 'आहे' चं रूप, '-ना/-नी/-नं' कसं लिहायचं, 'ळ' च्या जागी 'य' कुठे (डोया, काया) आणि कुठे मराठी 'ळ' तसाच. रंग, आकार, पुसणं, जपून ठेवणं यांचे शब्द त्याच यादीत. पुढे दुसरं कोणी हात लावेल तेव्हा वाद फाइलमध्ये न होता यादीवर होईल. पटेल तर पीओ फाइलमध्येच वर टिप्पणी म्हणून ठेवा, ती हरवत नाही.

'ॲ' टाइप करताना एकच अक्षर, यू+0972, वापरा. 'अ' ला वेगळा चंद्र जोडला तर दिसतं सारखंच, पण पोएडिटमध्ये शोधताना सापडत नाही. शिक्क्यांची (चित्रात उमटवायच्या तयार आकृत्यांची) नावं मुख्य फाइलमध्ये नाहीत, त्यांचा संच आणि पीओ फाइल वेगळी आहे. ती मागाहून घ्या. आधी मुख्य फाइल पूर्ण करून पाठवा, आणि त्याआधी एखाद्या तिसरी-चौथीच्या मुलाला बटणं मोठ्याने वाचायला लावा. जिथे तो अडखळेल तो शब्द बदला.