पहिली परदेशवारी: देश कसा निवडलात, कुठे अडलात? अनुभव लिहा

ठाणे

पुढच्या वर्षी बाबांना पंच्याहत्तर पूर्ण होतायत आणि आम्ही तिघी बहिणींनी मिळून आईबाबांना एकदा परदेश दाखवायचाच असं ठरवलंय. ठरवून दोन महिने झाले, अजून देश काही ठरत नाहीये. एक म्हणते थायलंड, एक म्हणते युरोप, आणि आईचं एकच पालुपद, "कशाला एवढा खर्च?" म्हणून इथे विचारतेय. नुसतं अमुक देश मस्त आहे असं नको, कोणाला घेऊन गेलात, कुठल्या महिन्यात, कुठे अडलं आणि परत जायचं झालं तर काय वेगळं कराल ते लिहा.

सुरुवात माझ्यापासून. २०२३ च्या दिवाळीत आम्ही चौघं व्हिएतनामला गेलो. ई-व्हिसा घरबसल्या मिळतो, २५ डॉलर फी, म्हणून मी रात्री अकरा वाजता दमून भागून बसून चौघांचे फॉर्म भरले आणि मुलाचं मधलं नाव गाळलं. पासपोर्टवर जसं छापलंय तसंच्या तसं लागतं. व्हिसा आला, प्रिंट काढून फाइलला लावताना लेकीने पाहिलं, "आई, दादाचं नाव अर्धंच आहे." पुन्हा फॉर्म, पुन्हा २५ डॉलर, आधीचे परत मिळत नाहीत, आणि नवीन व्हिसा येईपर्यंत जीव टांगणीला. तेव्हापासून फॉर्म भरणारा एक आणि तपासणारा दुसरा, तोही सकाळी, असा नियमच केलाय.

दुसरं म्हणजे हवामान. मी "व्हिएतनाम नोव्हेंबर" असं शोधलं आणि हनोईचं हवामान बघून खूश झाले, हनोईला तेव्हा खरंच छान गारवा असतो. पण हा देश उभाच्या उभा लांबलचक आहे, आणि मधल्या पट्ट्यात, दा नांग, होई आन, हुए या भागात ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे ऐन पावसाळा. होई आनला नदीचं पाणी गल्लीत आलं होतं, चपला हातात घेऊन हॉटेलात शिरलो. त्या कंदिलांच्या गावाचे दोन दिवस आम्ही खिडकीतून पाहिले. आता देशाचं नाही, गावाचं हवामान बघते, आणि तेही महिन्याप्रमाणे.

नाशिक

ताई, हवामानाइतकंच तिथलं कॅलेंडर बघा. २०२५ च्या गुढीपाडव्याला जोडून सुट्ट्या आल्या म्हणून मी आणि बायको बालीला गेलो. तिथे त्याच सुमारास न्येपी असतो, शक वर्षाचा पहिला दिवस, म्हणजे आपल्या पाडव्याचाच भाऊ म्हणा. त्या वर्षी २९ मार्चला होता, पाडव्याच्या आदल्या दिवशी. न्येपीला सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत अख्खं बेट बंद. विमानतळसुद्धा बंद, रस्त्यावर पाऊल टाकायचं नाही, दिवे मंद, मोबाईलचं नेट नाही. आम्ही त्याच दिवशी बेटाच्या आतल्या उबुद गावाहून किनाऱ्याकडे जायचं बुकिंग करून बसलो होतो. हॉटेलवाल्यांनी आदल्या दिवशी समजावून सांगितलं, पुढचं बुकिंग मात्र फुकट गेलं.

पण खरं सांगू, आदल्या संध्याकाळी त्यांच्या ओगोह-ओगोहच्या मिरवणुका पाहिल्या, पोरांनी खांद्यावर घेतलेले दोन-दोन मजली राक्षस, आणि दुसऱ्या रात्री एकही दिवा नाही त्यामुळे आकाश असं काही दिसलं की बायको रडली. परत जाईन तर मुद्दाम न्येपी धरून जाईन, फक्त तो दिवस मोकळा ठेवून.

शारजा

मूळची रत्नागिरीची, इथे अकरा वर्षं. यूएईला कोणी येणार असेल तर हे वाचाच. खसखस आणायची नाही. इथे ती बंदी असलेल्या वस्तूंत मोडते आणि आपल्याकडे ती अनारशावर, लाडवात, मसाल्यात सगळीकडे असते. गेल्या दिवाळीत सासूबाई यायच्या होत्या, निघायच्या आदल्या रात्री व्हिडिओ कॉलवर बॅग दाखवत होत्या आणि स्टीलच्या डब्यात वरपर्यंत अनारसे. मी म्हटलं, "आई, ते ठेवा घरीच." त्यांना वाईट वाटलं, दोन दिवस खपून केले होते, पण धोका कशाला घ्यायचा. सिंगापूरलाही खसखस चालत नाही. आणि औषधं, विशेषतः कोडीन असलेली खोकल्याची, झोपेची, वेदनाशामक, ही आधी तपासा, काहींना आगाऊ परवानगी लागते. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत आणि गोळ्या मूळ पाकिटातच, डबीत काढून नाही.

डोंबिवली

आम्ही सासूबाईंना घेऊन स्वित्झर्लंड-पॅरिस केलं, त्यांचे दोन्ही गुडघे दुखरे. शेंगेन व्हिसाचं, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचं, एक गणित नीट समजून घ्या. ज्या देशात रात्री जास्त त्या देशाकडे अर्ज, समसमान असतील तर जिथे आधी पाय ठेवणार तिथे. आम्ही चार रात्री स्वित्झर्लंड, तीन पॅरिस धरून सगळे कागद लावले आणि मग कुणाच्यातरी सल्ल्याने पॅरिसची एक रात्र वाढवून स्वित्झर्लंडची एक कमी केली, म्हणजे अर्जाचा देशच बदलला की! शेवटी जुना बेत परत आणला. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि मे महिन्यासाठी अपॉइंटमेंट मिळवायची तर खरंच तेवढ्या आधी लागा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा हवा, आणि पासपोर्टची मुदत बघा, आईंचा संपत आला होता तो आधी नवा केला.

आता बेताबद्दल. सगळे रोज नवीन गाव करतात, आम्ही स्वित्झर्लंडमधल्या लाउटरब्रुनेन गावी चार रात्री एकाच घरात राहिलो. स्वयंपाकघर होतं, रोज संध्याकाळी मुगाची खिचडी. युंगफ्राउयोख या डोंगरावरच्या रेल्वे स्टेशनचं तिकीट आधी काढलं नाही, सकाळी वेबकॅमवर वरचं चित्र बघायचो, दोन दिवस नुसतं पांढरं, तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन, लगेच निघालो. ते स्टेशन ३,४५४ मीटरवर आहे, आईंना बीपी, म्हणून मुंबईतच डॉक्टरांना विचारलं होतं, त्यांनी वर हळू चाला, धाप लागली तर खाली या एवढं सांगितलं. आणि गंमत बघा, त्यांना सगळ्यात काय आवडलं तर घरासमोरचा बाक. समोर धबधबा, गळ्यात घंटा बांधलेल्या गायी, आणि त्या शाल गुंडाळून तासन्‌तास. "मला आज कुठे नेऊ नका, इथेच बसते," म्हणाल्या. आम्ही नेलं नाही. वयस्कर माणसं बरोबर असतील तर दिवसाआड एक रिकामा दिवस ठेवा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

सांगली

मी निवृत्त शिक्षक. इथे सगळे स्वतः बुकिंग करणारे दिसतात म्हणून टूरवाल्यांची बाजू मांडतो. मी आणि पत्नी सिंगापूर-मलेशिया ग्रुप टूरने गेलो, मुलं परगावी, इंग्रजी बोलायचा सराव नाही. टूर मॅनेजर मराठी, रात्री जेवायला वरणभात, पत्नीला क्वालालंपूरला ताप आला तर तो मुलगा स्वतः दवाखान्यात घेऊन गेला. याची किंमत पैशात होत नाही.

परंतु कार्यक्रमपत्रिका शब्द न् शब्द वाचावी. "पाहणे" आणि "आत जाऊन पाहणे" यात फार फरक आहे. आमच्या पत्रिकेत "फोटो स्टॉप" लिहिलं होतं, मी समजलो मनोऱ्यावर नेणार, प्रत्यक्षात खाली पंधरा मिनिटं उभं केलं आणि बस निघाली. चूक त्यांची म्हणता येत नाही, लिहिलं तेच केलं. कुठलं तिकीट धरलंय, दुपारचं जेवण धरलंय का, हॉटेल शहरात की शहराबाहेर, हे लेखी विचारा. बिलात टीसीएस म्हणून (टूरवाल्यांनी आधीच घेतलेला कर) रक्कम असते ती आयकर विवरणपत्र भरताना वळती होते, पावती जपून ठेवा, पुष्कळ लोक विसरतात.

कोल्हापूर

आम्ही पाच मित्र ऑगस्टमध्ये केनियाला, मसाई मारा अभयारण्यात. विल्डबीस्टचे (मोठ्या हरणांसारखे प्राणी) कळप नदी ओलांडतात ते बघायचं तर साधारण जुलै ते ऑक्टोबर. मुद्दा एकच सांगतो, यलो फीवरची, म्हणजे पिवळ्या तापाची लस. ती प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते, आणि कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रावरच, तिथे ठरलेले वार आणि मोजक्या जागा. आमच्यातला एकजण "बघू रे" करत राहिला, त्याला निघायच्या आठ दिवस आधीची तारीख मिळाली, शेवटी त्याचं तिकीट चार दिवस पुढे ढकललं आणि तो मागून एकटा आला. लस घेतल्याचं ते पिवळं कार्ड पासपोर्टबरोबरच ठेवायचं कारण परत येताना आपल्या विमानतळावर मागतात, नसेल तर क्वारंटाइन करतात. एकदा घेतली की आयुष्यभर चालते.

मेलबर्न

आई साताऱ्याहून एकटी आली होती, वय ६८. माझी भीती फक्त खाऊची होती, इथले बायोसिक्युरिटीचे (बाहेरून कीड-रोग येऊ नयेत म्हणूनचे) नियम कडक आहेत. मी तिला एकच सांगितलं, फॉर्मवर खाद्यपदार्थ आहेत का याला "हो" लिही, लपवायचं काही नाही. प्रत्येक पुडीवर आम्ही इंग्रजीत नाव चिकटवलं आणि वेगळी यादी तिच्या पर्समध्ये. ऑफिसरने सगळं एका टेबलावर मांडलं, गोडा मसाला, मेतकूट, पापड सोडलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेली कढीपत्त्याची जुडी मात्र काढून घेतली, ती तिने परसातली म्हणून मला न सांगता घातली होती. दंड नाही, ओरडा नाही, कारण फॉर्मवर लिहिलं होतं. न्यूझीलंडला न सांगता सापडलं तर जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड आहे, तिकडे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा. आणि व्हीलचेअर बुक करा, चालता येत असलं तरी. आई आधी तयार नव्हती, नंतर म्हणाली व्हीलचेअरवाल्या मुलीने हात धरून नेलं म्हणून मी पोचले.

पुणे

आम्ही जपान, नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा, क्योटोत मेपल लाल झालेले. जुने लेख वाचून कुणी जेआर पास (ठराविक दिवस रेल्वेने कितीही फिरायचा पास) घेऊ नका, म्हणजे आधी बेरीज करा. २०२३ च्या ऑक्टोबरात सात दिवसांचा पास २९,६५० येनवरून ५०,००० येन झाला. तोक्यो-क्योटो जाऊन येऊन सुट्टं तिकीट साधारण २८,००० येन, मग पास कशाला? जाताना शिनकानसेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये, उजव्या खिडकीची ई सीट मागा, हवा स्वच्छ असेल तर फुजी पर्वत दिसतो. मोठ्या बॅगा कुरियरने पुढच्या हॉटेलवर पाठवा, ताक्युबिन म्हणतात, बहुतेक दुसऱ्या दिवशी पोचतात, शिनकानसेनमध्ये फार मोठ्या बॅगेला जागा आधी बुक करावी लागते.

शाकाहारींनी मात्र तयारीत राहा. नूडल्स, सूप, सॉस, सगळ्यात दाशी, म्हणजे बहुतेक माशाचा अर्क. "मांस नको" म्हटलं तरी दाशी असतेच, त्यांच्या लेखी ते मांस नाही. आम्ही जपानीत चिठ्ठी छापून नेली होती, मांस नाही, मासे नाहीत, दाशी नाही, अंडं चालेल. एका छोट्या दुकानात आजीबाईंनी ती चिठ्ठी चष्मा लावून दोनदा वाचली, आत गेल्या, आणि नुसता भात, लोणचं, तळलेली वांगी घेऊन आल्या, पैसे निम्मेच घेतले. क्योटोत देवळांमधलं शोजिन र्योरी मिळतं, ते पूर्ण शाकाहारी. चालणं रोज पंधरा हजार पावलं धरा.

ठाणे

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हे सगळं आईबाबांना मोठ्याने वाचून दाखवलं आणि पहिल्यांदाच विचारलं की तुम्हाला काय बघायचंय, इतके दिवस आम्ही आपसातच भांडत होतो. बाबा रेल्वेत ३४ वर्षं होते. म्हणाले, बुलेट ट्रेन १९६४ साली सुरू झाली तेव्हा मी शाळेत होतो, मास्तरांनी वर्तमानपत्रातला फोटो दाखवला होता. एवढंच बोलले आणि गप्प बसले. आई म्हणाली, मग खर्च होऊ दे.

तर जपान, नोव्हेंबर, दोनच शहरं, दिवसाआड रिकामा दिवस. डोंबिवलीच्या ताई, तुमचं ऐकलं. पुणेकर दादा, ती जपानी चिठ्ठी जशीच्या तशी इथे टाकाल का? आमच्याकडे फक्त आईला अंडंही नको. आणि ई सीट येतानाही फुजीच्या बाजूलाच येते का, बाबांनी तीनदा विचारलंय.