मदत हवी आहे : पाटणादेवीच्या ओढ्याकाठचे जांभळे रानफूल कोणते?

गिरणाकाठ
काल चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या रानात जांभळ्या फुलांचा दाट पट्टा दिसला. फूल अ‍ॅस्टरच्या कुळातले वाटते, पण बागेतले नव्हे. उद्या सकाळी शाळेतील मुलांना तेथे न्यायचे आहे, त्यामुळे आज रात्रीपर्यंत कोणीतरी खात्रीचे नाव सांगावे. छायाचित्र अंधूक आले आहे.

बांधावरून
ही सहदेवीच. आमच्या कपाशीच्या बांधावर ती भरपूर असते आणि ताप आला की आजी तिचाच काढा देत असे.

सातपुडा_वाट
काढ्याविषयी कोणी विचारलेले नाही. नुसत्या रंगावरून नाव ठरवू नये, कारण जांभळट फुलांची ओसाडीही सर्वत्र माजली आहे आणि ती मूळची अमेरिकेतली आहे. पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक? कडा अखंड की चिरलेल्या? जमीन कोरडी होती की ओली?

बांधावरून
ओसाडीचा रंग फिकट असतो. त्यांनी स्पष्ट जांभळा म्हटले आहे.

गिरणाकाठ
एवढे लागेल असे वाटले नव्हते. जागा ओढ्याकाठची, पाय चिखलात रुतत होते. रोप वीत-दीड वीत उंच, पाने एकाआड एक आणि गाजराच्या पाल्यासारखी बारीक चिरलेली. एक पान बोटांत चुरले, तर त्याचा उग्र सुगंध घरी पोहोचेपर्यंत हाताला होता. फुलाला पाकळ्या मात्र दिसल्या नाहीत.

सातपुडा_वाट
मग ही गंगोत्री, म्हणजे सायथोक्लाइन पर्प्युरिया. हिवाळ्यात ओलसर जागी फुलणारी ही आपल्याकडचीच वनस्पती आहे. आपण ज्याला एक फूल म्हणतो, तो अनेक सूक्ष्म फुलांचा गुच्छ असतो, पण त्यात सूर्यफुलासारखी मोठ्या पाकळीची कडेची फुले नसतात, म्हणून पाकळ्या दिसत नाहीत. सहदेवीची पाने अशी चिरलेली नसतात, शिवाय तिच्या बीला पांढऱ्या केसांचा झुबका असतो, जो गंगोत्रीला नसतो.

बांधावरून
पान चिरलेले असेल तर माझे म्हणणे मागे घेतो. मात्र कोरड्या पायवाटेवर सहदेवी भेटली तर तीही दाखवा, म्हणजे फरक मुलांच्या डोळ्यांत बसेल.

सातपुडा_वाट
तो परिसर गौताळा अभयारण्यात येतो, तेव्हा फुले तोडू न देता मुलांना खाली बसवून जागेवरच भिंगातून दाखवावीत.

गिरणाकाठ
मनापासून आभार, भिंग घेतले आहे. अहिराणीत हिला काय म्हणतात, हे कोणाला ठाऊक आहे का? मुले घरी जाऊन तेच नाव सांगतील.